रुग्णवाहिका येईपर्यंत गाव काय करणार?

सिद्धेश्वरकरहो, पूर्णेवरचं आपलं धरण भरलं की हिंगोली, परभणी, नांदेडपर्यंतच्या शेतकऱ्याला त्याची खबर लागते. कालव्याला पाणी कधी सुटणार, कोणत्या पाळीला कुणाचा नंबर, हे आपल्याला तोंडपाठ असतं. आता एक साधा प्रश्न. भरल्या घरात दीड वर्षाच्या लेकरानं चिंचोका तोंडात टाकला, तो श्वासनलिकेत गेला, लेकराचा आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले. त्या घडीला नेमकं काय करायचं हे गावात किती जणांना येतं? चावडीवर विचारून बघा. सल्ले पन्नास निघतील. उलटं धर, हलव, घशात बोट घाल, पाणी पाज, केळं भरव, कोरड्या भाकरीचा घास दे. यातला प्रत्येक सल्ला मायेपोटी दिला जातो आणि यातला प्रत्येक सल्ला घातक ठरू शकतो.

श्वास पूर्ण बंद झाला की चारेक मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. 108 ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून धावते आहे आणि तिनं असंख्य जीव वाचवले आहेत. पण औंढ्याहून असो की हिंगोलीहून, ती चार मिनिटांत आपल्या दारात येऊ शकत नाही. यात कुणाचा दोष नाही, रस्ताच तेवढा आहे. म्हणून ही चार मिनिटं आजीची, चुलत्याची, शेजारणीची, अंगणवाडीताईची, पारावर बसलेल्या पोरांची आहेत. ज्याच्या हातात लेकरू आहे, त्याच्याच हातांना हे काम यायला हवं.

मग ऐका, आणि घरच्यांना वाचून दाखवा.

लेकरू जोरात खोकतंय, रडतंय, आवाज निघतोय, तर त्याला खोकू द्या. तो खोकला आपल्या कुठल्याही उपायापेक्षा ताकदीचा असतो. पाठीवर धपाटे घालू नका, तोंडात बोटं घालू नका, फक्त डोळ्यांत तेल घालून बघत राहा. आवाज फुटत नाही, खोकला निघत नाही, रंग बदलतोय, अशी वेळ आली की मात्र क्षणाचाही उशीर नको. एकानं 108 लावायचा, दुसऱ्यानं कामाला लागायचं.

बाळ एक वर्षाच्या आतलं असेल तर त्याला आपल्या हातावर पालथं घ्या, हात मांडीवर टेकवा, डोकं धडापेक्षा खाली ठेवा, जबड्याला आधार द्या. दोन खांद्यांच्या मधोमध, तळहाताच्या मनगटालगतच्या भागानं पाच ठोसे द्या. सुटलं नाही तर बाळाला उताणं करा आणि छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, पाच वेळा दाबा. पुन्हा पालथं, पुन्हा उताणं. एवढ्या लहान बाळाचं पोट कधीही दाबायचं नाही, आत यकृताला इजा होते.

वर्षापुढच्या लेकराला पुढं वाकवून तसेच पाच ठोसे पाठीत द्या. मग त्याच्या मागं गुडघ्यांवर बसा, बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ ठेवा, दुसऱ्या हातानं ती धरा आणि आत-वर असे पाच झटके द्या. अमेरिकेतल्या हेन्री हाइमलिक या डॉक्टरांनी 1974 मध्ये ही पोटाच्या झटक्यांची पद्धत सुचवली. अडकलेली वस्तू बाहेर पडेपर्यंत किंवा लेकरू बेशुद्ध होईपर्यंत पाठ आणि पोट आलटूनपालटून चालू ठेवा. बेशुद्ध झालं तर कडक जमिनीवर निजवा, छातीच्या मधोमध तीस दाब आणि तोंडातून दोन श्वास, असं न थांबता करत राहा. श्वास देण्याआधी दरवेळी तोंडात बघा. वस्तू डोळ्यांना दिसली तरच काढा, अंधारात चाचपडणारं बोट तिला आणखी खोल ढकलतं. आणि लेकरू वाचलं, हसायला लागलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण पोटाच्या झटक्यांनी आत इजा झालेली असू शकते.

हे शब्द वाचून हात शिकत नाहीत. त्यासाठी बाहुलीवर सराव लागतो. त्याकडे मी येतोच.

श्वास अडला नाही, पण वस्तू पोटात गेली, तेव्हा गोष्ट वेगळी. नाणं, मणी, गुळगुळीत बटण जठरापर्यंत पोचलं तर बहुधा आपोआप शौचावाटे पडतं. पण ते अन्ननलिकेतच अडकलेलं असू शकतं. लाळ गळते, गिळता येत नाही, छातीत दुखतं, कधी कधी काहीच दिसत नाही. म्हणून एक्स-रे हवाच. उलटी करवू नका, जुलाब देऊ नका, डॉक्टर सांगेपर्यंत खायला-प्यायला घालू नका. बांगडीला अडकवलेली उघडी सेफ्टी पिन आणि एकाहून जास्त लोहचुंबक ही तर तातडीचीच बाब आहे. दोन चुंबक आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत कुजते.

सगळ्यांत घातक वस्तू मात्र दिसायला अगदी निरुपद्रवी असते. चपटी, चकचकीत, नाण्यासारखी बटण बॅटरी. रिमोटमध्ये असते, घड्याळात असते, दिवाळीच्या एलईडी पणतीत असते, यात्रेत मिळणाऱ्या लुकलुकत्या खेळण्यात असते. औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेतून अशी किती खेळणी आपल्या घरी येतात, जरा आठवा. त्यातली बॅटरी अन्ननलिकेत अडकली की ओल्या मांसातून वीज वाहू लागते आणि तिच्या एका बाजूला कॉस्टिक सोडा तयार होतो. दोन तासांत अन्ननलिका भाजून निघते, पुढं भोक पडतं, शेजारची मोठी रक्तवाहिनी फुटते.

हाच कॉस्टिक सोडा शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घराघरात साफसफाईला वापरत आणि पोरं तो चुकून तोंडात घालत. शेव्हालिए जॅक्सन नावाचे डॉक्टर या जळालेल्या अन्ननलिका बघून इतके संतापले, की डब्यावर विषाची सूचना सक्तीची करा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 1927 मध्ये तसा कायदा झाला. लेकरांच्या आणि मोठ्यांच्या श्वासनलिका-अन्ननलिकांतून त्यांनी काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू आजही फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात मांडून ठेवल्या आहेत. डॉक्टराला कायद्यासाठी भांडावं लागलं, हे मला त्या वस्तूंपेक्षा महत्त्वाचं वाटतं. बटण बॅटरीचंही तसंच झालं. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियात तिच्यासाठीचे नियम लागू झाले आणि अमेरिकेनं कायदा केला. त्यात बॅटरीच्या कप्प्याचं झाकण लहान मुलाच्या बोटांना उघडता येऊ नये, अशी अट आहे. आपल्याकडे 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. यात्रेतल्या दुकानात ते शोधून दाखवा!

बॅटरी गिळली असा नुसता संशय आला तरी वाट बघायची नाही. त्याच घटकेला निघायचं. लेकरू वर्षापुढचं असेल, गिळता येत असेल आणि बॅटरी गिळून बारा तास उलटले नसतील, तर वाटेत अपवाद म्हणून दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो. असे सहा वेळा, त्याहून जास्त नाही. त्यानं जळण्याचा वेग कमी होतो, थांबत नाही. मध शोधण्यात वेळ घालवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. दुर्बीण घालून बॅटरी काढायची सोय कुठं आहे हे फोनवर विचारूनच गाडी हाका. नांदेडला जायचं म्हटलं तरी दीड-दोन तास जातात, चुकीच्या दारात आणखी तास घालवणं परवडणार नाही.

आणि आता आपल्या शिवाराची गोष्ट. सोयाबीन, तूर, हरभरा. राशी अंगणात पडतात, लेकरं त्यातच लोळतात. दाढा आलेल्या नसतात, दाणा चावता येत नाही, हसता हसता तो श्वासनलिकेत जातो. एकच जोराचा ठसका लागतो आणि लेकरू शांत होतं. आपण म्हणतो, गेलं बाबा पोटात. तो दाणा फुफ्फुसाच्या नळीत जाऊन बसतो, ओल्यानं फुगतो, साध्या एक्स-रेत बहुधा दिसतही नाही. मग महिनाभर खोकला, घरघर, न्यूमोनिया म्हणून औषधं. चिपळूणच्या एका नऊ महिन्यांच्या मुलीला असाच ताप-खोकला होता. मुंबईच्या वाडिया रुग्णालयात दुर्बिणीतून तिच्या फुफ्फुसातून निघाला खेळण्यातल्या मोबाईलचा एलईडी दिवा. म्हणून खोकल्यासाठी दवाखान्यात जाल तेव्हा न विचारता सांगा, की अमक्या दिवशी खाताना ठसका लागला होता. आईच्या त्या एका वाक्यानं निदान होतं. पण ते वाक्य दबून राहतं, कारण लेकराकडे लक्ष नव्हतं म्हणून सासू बोलेल, नवरा बोलेल, ही धास्ती असते. मंडळी, आईला धारेवर धरणं आधी बंद करा. अर्ध्या घटना त्या भीतीनंच उशिरा उघड होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाच वर्षांखालच्या लेकराला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुपारी, बियांसकट सीताफळ देऊ नका. दाण्याचं कूट द्या. बसवून भरवा, पळत्या लेकराच्या मागं घास घेऊन धावू नका.

आता कामाचं बोलू. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की तासभर कुणी घरी जायचं नाही. हिंगोलीत 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ग्रामपंचायतीनं पत्र लिहून तिथल्या डॉक्टरांना बोलवावं, सरावाची बाहुली मागवावी. आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटाच्या बाया, शाळेतली आठवीपुढची पोरं, सगळ्यांनी स्वतःच्या हातानं करून बघावं. ग्रामसभेत ठराव घ्या, की गावातला दुकानदार खेळणं घातलेलं खाऊचं पाकीट विकणार नाही. दुकानदारही आपलाच माणूस आहे, त्याच्याही घरी नातवंडं आहेत. आणि तो दिवस उजाडायची वाट न बघता आज रात्रीच घरातल्या प्रत्येक रिमोटचं झाकण चिकटपट्टीनं घट्ट बंद करा.