अंधेरीत वीज कंपनी बदलता येते, मग मुलुंडमध्ये अडतं कुठे?

मोबाईलचं नेटवर्क आवडलं नाही की आपण सिम पोर्ट करतो. विजेचंही असं करता आलं तर?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपरमध्ये ते करता येतं. इथे अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर असे दोन पर्याय आहेत. मुलुंड-भांडूपमध्ये मात्र घरोघरी बिल येतं ते महावितरणचं. एकाच महापालिकेत हा फरक का?

सुरुवात कुठून झाली?

2003 च्या वीज कायद्याने एकाच भागात दोन कंपन्यांना परवाना देण्याची वाट मोकळी केली. उपनगरात टाटाने घरगुती ग्राहकांना वीज विकावी की नाही, यावर रिलायन्सशी वाद होता. जुलै 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटाच्या बाजूने निकाल दिला. 2009 पासून लोक कंपनी बदलू लागले. रिलायन्सचा हा व्यवसाय 2018 मध्ये अदानींकडे गेला.

तार एकाची, वीज दुसऱ्याची

प्रत्येक कंपनीने पुन्हा रस्ते खोदून केबल टाकायची म्हटली तर तो खर्च शेवटी आपल्याच बिलात येणार. म्हणून जुन्या कंपनीच्या तारेवरून नवी कंपनी वीज देते आणि तारेचं भाडं भरते. बिलावर ‘वहन आकार’ दिसतो ना, ते हेच भाडं.

मुक्त बाजाराचे समर्थक म्हणतात, तारेत मक्तेदारी अटळ असेल तर तिच्यावर नियंत्रण ठेवा, पण वीज विकण्यात स्पर्धा होऊ द्या. ग्राहक सोडून जाऊ शकतो ही भीती असली की कंपनी दर आणि सेवा दोन्ही नीट ठेवते.

मग अडचण काय?

विजेचे दर स्लॅबप्रमाणे ठरतात. 100 युनिटपर्यंत वापरणाऱ्याला युनिट स्वस्त पडतं, 500 च्या वर वापरणाऱ्याला महाग. म्हणजे मोठा ग्राहक लहान ग्राहकाचा भार थोडा उचलतो. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात.

आता स्पर्धा आली की आधी कोण जाणार? एसी लावणारी घरं, मॉल, ऑफिसं. मागे उरतात चाळीतले, झोपडपट्टीतले ग्राहक, आणि त्यांना स्वस्त वीज द्यायला पैसा कमी पडतो. मुंबईत हे घडलंय. टाटा फक्त मलईदार ग्राहक घेते, असा आक्षेप आला आणि 2012 मध्ये वीज नियामक आयोगाने बंधन घातलं: नवे घरगुती ग्राहक घ्यायचे तर 300 युनिटपर्यंतचेच. कंपनी बदलणाऱ्यांवर क्रॉस सबसिडी अधिभारही लागला.

मुलुंडचा मुद्दा

अदानी समूहाने मुलुंड, भांडूप, ठाणे, नवी मुंबईसाठी समांतर परवाना मागितला, तेव्हा जानेवारी 2023 मध्ये महावितरणसह सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी संपावर गेले. उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चेनंतर तो त्याच दिवशी मागे घेतला गेला.

कर्मचाऱ्यांचा मुद्दा फक्त नोकरीचा नव्हता. महावितरण शेतीपंपांना स्वस्त वीज देते. त्याची भरपाई काही प्रमाणात शहरातल्या आणि उद्योगांच्या बिलांतून होते. मुलुंड-ठाण्याचा पैसे देणारा ग्राहक गेला तर तो भार कोणावर?

तोडगा आहे का?

बाजारवादी उत्तर सरळ आहे: गरिबाला मदत करायचीच असेल तर ती सरकारने बजेटमधून, उघडपणे करावी, शेजाऱ्याच्या बिलात लपवू नये. यात दम आहे, कारण मग मदत किती आणि कोणाला हे सगळ्यांना दिसतं. पण सरकारने अनुदान थकवलं तर लहान ग्राहकाचं बिल लगेच वाढेल. म्हणजे आधी अनुदानाची हमी आणि मग स्पर्धा, हा क्रम महत्त्वाचा.

तोवर अंधेरी-घाटकोपरकरांनी एक करावं. नुसता युनिटचा दर बघून कंपनी बदलू नये. वीज आकार, वहन आकार, स्थिर आकार आणि अधिभार, सगळं मिळून आपल्या वापराला काय पडतं ते मांडून बघावं.