ह्यूस्टन १९१७ : एका रात्रीचा हिंसाचार, १०६ वर्षांनंतरचा निकाल

१/ ११ डिसेंबर १९१७. टेक्सासमधील सॅन अँटोनिओजवळ, सूर्योदयापूर्वी, अमेरिकी लष्कराने आपल्याच १३ सैनिकांना एकाच वेळी फासावर चढवले. सर्व जण कृष्णवर्णीय होते. त्यांना मृत्युदंड झाला होता हे जगाला कळले, ते फाशीनंतर. इतकी घाई कशाची होती? #थ्रेड

२/ एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. ह्यूस्टनजवळ ‘कॅम्प लोगन’ ही नवी छावणी उभी राहत होती. तिच्या पहाऱ्यासाठी जुलैअखेर २४ व्या पायदळ रेजिमेंटची तिसरी बटालियन आली. सैनिक कृष्णवर्णीय, अधिकारी गोरे. क्यूबा आणि फिलिपिन्सच्या युद्धांत या रेजिमेंटने रक्त सांडले होते.

३/ टेक्सासमध्ये वर्णभेद कायद्यानेच चालत असे. ट्रामगाडीतही कृष्णवर्णीयांची जागा वेगळी. लोकशाहीच्या रक्षणासाठी गणवेश चढवलेल्या या सैनिकांना त्याच गणवेशात रोज शिव्या, धमक्या आणि पोलिसांची मारहाण सोसावी लागत होती.

४/ २३ ऑगस्ट. एका कृष्णवर्णीय स्त्रीला पोलीस फरफटत नेत असताना एका सैनिकाने हस्तक्षेप केला. त्याला मारहाण करून अटक झाली. त्याची चौकशी करायला लष्करी पोलीस कॉर्पोरल चार्ल्स बाल्टिमोर गेला. त्यालाही मार बसला, पळताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि अखेर तोही कोठडीत गेला.

५/ छावणीत अफवा पोहोचली की, बाल्टिमोर मारला गेला. प्रत्यक्षात तो जिवंत परतला. पण तोवर संताप अनावर झाला होता. बटालियनप्रमुख मेजर नीलँड स्नो यांनी शस्त्रे जमा करण्याचा आदेश दिला, तो उशिराने. गोरा जमाव चालून येत असल्याची आरोळी उठली आणि शिस्त कोसळली.

६/ त्या रात्री शंभराहून अधिक सैनिक शहराकडे निघाले. पोलीस, नागरिक आणि सैनिक मिळून सुमारे वीस माणसे मेली. मृतांत असेही होते, ज्यांचा त्या मारहाणीशी काडीचाही संबंध नव्हता. अन्यायाचा इतिहास सांगताना हे प्रेत झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. या हत्यांचा न्याय होणे आवश्यकच होते.

७/ पण झाले काय? पहिल्या खटल्यात ६३ आरोपी एकत्र उभे केले गेले. सर्वांचा बचाव एकाच अधिकाऱ्याकडे, मेजर हॅरी ग्रियर यांच्याकडे. ते व्यवसायाने वकील नव्हते. तयारीला मिळाले जेमतेम दोन आठवडे. रात्र अंधारी आणि पावसाची. कोणी कोणाला मारले, हे ओळखणे दुरापास्त. सवलतीच्या आश्वासनावर साक्ष देणाऱ्या सहआरोपींवर बरीच भिस्त ठेवली गेली.

८/ युद्धकाळातील नियमांचा आधार घेऊन शिक्षा स्थानिक पातळीवरच कायम झाली. ना अपील, ना राष्ट्राध्यक्षांकडे दयेचा अर्ज. पुढे आणखी दोन खटले झाले. एकूण ११८ सैनिकांवर आरोप, ११० दोषी, १९ जणांना फाशी. देशभर निषेध उमटल्यावर राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी १० जणांचा मृत्युदंड कमी केला.

९/ आता दुसरी बाजू पाहा. एकाही गोऱ्या नागरिकावर खटला चालला नाही. एकाही गोऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा झाली नाही. आपल्या माणसांचा रोजचा अपमान ज्यांना दिसत होता आणि तो थांबवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता, ते सुटले. सत्ता वरच्यांकडे आणि जबाबदारी खालच्यांकडे, अशीच ती वाटणी होती.

१०/ सैन्यात आज्ञापालन सक्तीचे असते. म्हणूनच सैनिकाच्या सन्मानाचे रक्षण ही नेतृत्वाची मेहेरबानी ठरत नाही, ते त्याचे कर्तव्य असते. हे कर्तव्य चुकल्याने सैनिकाचा गुन्हा पुसला जात नाही. पण त्या गुन्ह्याचा हिशेब नेतृत्वाला वगळून पुराही होत नाही.

११/ जानेवारी १९१८ मध्ये लष्कराने नियम बदलला : वॉशिंग्टनच्या पुनर्विलोकनाशिवाय अशा फाशीची अंमलबजावणी होणार नाही. १३ जणांसाठी तो महिनाभर उशिरा आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये खटले मूलतः अन्याय्य ठरवून लष्कराने ११० जणांच्या दोषसिद्धी रद्द केल्या.

१२/ हा निकाल उशिराचा, तरी मोलाचा. मात्र त्या रात्री नेमकी कोणाची गोळी कोणाला लागली, हे आता कधीच सिद्ध होणार नाही. घाईच्या न्यायाने निर्दोषांना फासावर नेले असेल, तर त्याच घाईने मृतांच्या नातलगांचे सत्यही कायमचे हिरावले. पक्षपाती न्यायालय एका बाजूवर अन्याय करते असे वाटते. ह्यूस्टनमध्ये त्याने कोणालाच न्याय दिला नाही.