क्लफच्या यशातला टेलरचा वाटा

नॉटिंगहॅममधल्या पुतळ्यात फुटबॉल प्रशिक्षक ब्रायन क्लफ एकटा आहे. डर्बीच्या मैदानाबाहेर 2010 मध्ये उभारलेल्या पुतळ्यात त्याच्या शेजारी त्याचा सहायक पीटर टेलर आहे. बरोबर आहे तो डर्बीचा पुतळा. लीगच्या 274 सामन्यांत 251 गोल करणाऱ्या क्लफचा गुडघा 26 डिसेंबर 1962 रोजी बरीच्या गोलरक्षकाशी झालेल्या धडकेत निकामी झाला. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने डर्बी आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या दुसऱ्या श्रेणीत रखडलेल्या दोन क्लबांना इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. ही कहाणी एकट्याच्या करिष्म्याची म्हणून सांगितली जाते, आणि ते टेलरवर अन्याय करणारं आहे.

मिडल्सब्रो क्लबात गोलरक्षक असलेल्या टेलरने क्लफची गुणवत्ता सर्वांआधी हेरली. पुढे सहायक म्हणून त्याचं खरं काम माणसं पारखण्याचंच होतं. 1977 मध्ये केनी बर्न्सला फॉरेस्टमध्ये घेण्याआधी टेलर कुत्र्यांच्या शर्यतींना जाऊन त्याच्यावर पाळत ठेवून होता, कारण बर्न्स जुगारी आणि भांडखोर असल्याची बोलवा होती. बर्मिंगहॅमकडून आघाडीला खेळणाऱ्या या खेळाडूला फॉरेस्टने बचावफळीत आणलं आणि 1978 मध्ये तो फुटबॉल पत्रकारांच्या मते वर्षातला सर्वोत्तम ठरला. क्लफ फॉरेस्टमध्ये जानेवारी 1975 मध्ये आला, पण दीड वर्ष संघ दुसऱ्या श्रेणीतच होता. 1976 च्या उन्हाळ्यात टेलर आला. 1977 मध्ये बढती, 1978 मध्ये लीग, 1979 आणि 1980 मध्ये युरोपियन कप.

फॉरेस्टच्या आधी लीड्स क्लबात क्लफ टेलरविना गेला आणि 44 दिवसांत बाहेर पडला. तिथले खेळाडू आधीपासूनच त्याच्यावर खार खाऊन होते, हे खरं. पण अशाच वेळी त्याला आवरणारं माणूस जवळ हवं होतं. टेलर तरी एकटा कुठे जिंकला, असंही विचारलं जातं. नाहीच जिंकला, फॉरेस्ट सोडल्यावर त्याने सांभाळलेला डर्बी 1984 मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला. पण त्यामुळे क्लफ एकटा पुरेसा होता असं ठरत नाही. टेलर 1982 मध्ये फॉरेस्टमधून गेल्यावर क्लफने 1989 आणि 1990 मध्ये लीग कप जिंकले, संघही देखणा खेळत होता. लीग किंवा युरोपियन कप मात्र पुन्हा हाती आला नाही. टेलरशिवाय आपलं जमणार नाही, हे क्लफने स्वतःच बोलून दाखवलं होतं. तरीही 1983 मध्ये टेलरने फॉरेस्टच्या जॉन रॉबर्टसनला डर्बीत नेल्यावरून दोघांत बिनसलं आणि 1990 मध्ये टेलरचं निधन झालं तोपर्यंत अबोला सुटला नाही.