चिकाच्या हलव्याला दोष नको

रोश हशाना झाला की हॅलोविन, मग हनुक्का. इथे नेपरव्हिलमध्ये नातवंडांच्या हाती सतत गोड पडते ते याच तीन-चार महिन्यांत, आणि आमच्या घरी सासू-सुनेचा जुना खटला पुन्हा उभा राहतो. सून म्हणते, हलवा नको, दात किडतात. मी म्हणते, नव्या वर्षाला चिकाचा हलवा नाही तर सण कसला?

गेल्या हिवाळ्यात पाच वर्षांच्या नातीच्या दोन दाढा किडलेल्या निघाल्या. दंतवैद्याने विचारले, "दिवसातून किती वेळा गोड खाते?" किती खाते, असे नव्हे. मी मनात मोजले. शाळेतून आली की एक वडी, रुसली की एक, टीव्हीसमोर एक, झोपताना एक. देणारा हात माझाच. जन्मभर नर्सचे काम केलेल्या बाईला हे कळायला हवे होते.

तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते दाताचे कवच झिजवते. लाळ ते आम्ल निवळवते, पण तिला अर्धा तास तरी लागतो, चिकट पदार्थ असेल तर जास्तच. जेवणानंतर चार वड्या एकदम खाल्ल्या तर दातांना एकच मार. चार वेळा एकेक खाल्ली तर चार. स्वीडनमधल्या विपेहोल्म येथे १९४०च्या दशकात हे दिसून आले. जेवणासोबतच्या साखरेने दात फारसे बिघडले नाहीत, मधल्या वेळच्या चिकट टॉफीने भराभर किडले. हा प्रयोग मतिमंद रुग्णांवर त्यांची संमती न घेता केला होता, हे आठवले की मला आजही लाज वाटते.

म्हणून मलिदा बिचारा निर्दोष. तो सगळे बसून एकदाच खातात. खरी पंचाईत आपण 'पौष्टिक' म्हणून दिवसभर हातावर ठेवतो त्या मनुका-खजुरांची. हनुक्काचे चॉकलेटचे पैसे त्यापेक्षा लवकर विरघळून जातात.

गोडानंतर चीजचा तुकडा दातांना चांगला, असे इथे सांगतात. मटणाच्या जेवणानंतर आपल्याला ते चालणार नाही. मग पाणी प्या, तेही नळाचे. आपल्या गावाला मिशिगन सरोवराचे पाणी येते आणि त्यात फ्लोराइड असते. याच इलिनॉयमधल्या एव्हन्स्टनने १९४७ साली पाण्यात फ्लोराइड घालायला सुरुवात केली, ती मुलांच्या दातांसाठीच. आपण मात्र बाटल्यांचे खोके आणतो, नाहीतर फ्लोराइडही काढून टाकणारा आरओ फिल्टर बसवतो.

"दुधाचे दात, पडणारच" असे कृपया म्हणू नका. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. खालून येणाऱ्या दातांची जागा त्याच राखतात. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. ब्रश मोठ्यांनी धरावा.

यंदा हलवा मी करणार आहे, नारळाच्या दुधातला, नेहमीसारखा. जेवणानंतर टेबलावर येईल आणि उरलेला डबा सुनेच्या ताब्यात जाईल. रात्री ब्रश झाल्यावर फक्त पाणी. आजोबांनी खिशातल्या पेपरमिंटच्या गोळ्याही कुरकुरत का होईना, कपाटात ठेवल्या आहेत.