गाडीमागे घर, घरामागे जीप

चेन्नईत ४ मेच्या आसपास पंचांगातले ‘अग्नी नक्षत्रम्’ सुरू होते आणि पुढचे सुमारे पंचवीस दिवस घराच्या भिंतीसुद्धा रात्री उष्णता फेकत राहतात. मुलांच्या सुट्ट्या, पंख्याचा गरम वारा आणि नळाला आलेले कोमट पाणी अशा वातावरणात तिथल्या मराठी घरांतही बोलणे निघते ते डोंगरावर जाण्याचे. येलगिरी, येरकाड, कोल्ली, उटी ही नावे जुनीच. अलीकडे मात्र या बेतात एक नवी भर पडली आहे. हॉटेलच्या खोल्यांवर पैसे का घालवायचे? चाकांवरचे छोटे घर गाडीमागे जोडून न्यावे, आणि डोंगरातल्या कच्च्या वाटा तुडवायला जीप किंवा दोन दणकट मोटारसायकलीही सोबत घ्याव्यात.

या स्वप्नाचा उगम परदेशी छायाचित्रांत आहे. अमेरिकेत पुढे मोठी पिकअप गाडी, तिच्यामागे झोपण्याची सोय असलेला कॅम्पर आणि त्याच्याही मागे वाळूत पळणाऱ्या छोट्या गाड्यांचा दुसरा ट्रेलर अशी आगगाडीच रस्त्यावर दिसते. हे दृश्य तिथेही सर्वत्र चालत नाही. काही राज्यांत अशी दुहेरी जोडणी मान्य आहे, काहींत नाही. छायाचित्रात अर्थात ते कळत नाही.

चेन्नईकरांना ‘कॅरॅव्हॅन’ शब्द अपरिचित नाही. वडपळनी, सालिग्रामम भागातल्या चित्रपट स्टुडिओंबाहेर नट-नट्यांच्या विश्रांतीच्या ज्या प्रशस्त गाड्या उभ्या असतात, ज्यांना मुंबईत आपण व्हॅनिटी व्हॅन म्हणतो, त्यांना तिथे कॅरॅव्हॅनच म्हणतात. शिवाय या शहराने खरीखुरी चाकांवरची घरेही पाहिली आहेत. १९६० आणि ७० च्या दशकांत युरोपातून खुष्कीच्या मार्गाने जुन्या व्हॅनगाड्यांत संसार थाटून निघालेले तरुण इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून भारतात येत. पुढे ब्रह्मदेशाचा रस्ता बंद. मग मलाया-ऑस्ट्रेलियाकडे जाऊ पाहणाऱ्यांतले काही जण मद्रास बंदर गाठून गाडी बोटीत चढवत. १९७७ च्या लंडन-सिडनी मोटार शर्यतीतल्या गाड्याही मद्रासहूनच बोटीने पेनांगला गेल्या. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि हा रस्ता मिटला. त्या प्रवाशांच्या खिशात पैसा बेताचाच असे. पण ते एकच वाहन नेत. तेच घर आणि तीच गाडी. आजच्या हौशी कुटुंबाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे एका वाहनाने दुसरे वाहन केव्हा ओढावे, याविषयी १९८९ च्या रस्ता नियमावलीत स्पष्ट लिहिले होते. बिघडलेले वाहन, पूर्ण न जोडलेले वाहन, नोंदणी केलेला ट्रेलर किंवा साइडकार, एवढेच ओढता येते. बिघडलेले वाहन ओढताना दोन्हींमधले अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको. २०१७ साली नवी नियमावली आली, तरी मूळ तत्त्व तेच राहिले. याचा अर्थ, धडधाकट जीप दांड्याने जोडून, तिची चारही चाके रस्त्यावर ठेवून, कॅरॅव्हॅनमागे शेकडो किलोमीटर ओढत नेण्याची अमेरिकन पद्धत इथे बसत नाही. ट्रेलर न्यायचा तर त्याला स्वतःची नोंदणी, स्वतःचा क्रमांक आणि मागचे चालते दिवे हवेत. गाडीच्या विम्यात ट्रेलरची नोंद आपोआप होत नाही. ती वेगळी करून घ्यावी लागते.

स्वस्तात काम करू पाहणाऱ्याची पावले साहजिकच पुदुपेट्टैकडे वळतात. जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळण्याचे चेन्नईतले हे प्रसिद्ध ठिकाण. तिथून जुना आस आणि चाके घ्यायची, वेल्डिंगवाल्याकडून सांगाडा करून घ्यायचा आणि वर पत्र्याची खोली बसवायची, असा सरळ हिशेब असतो. पण जुन्या आसाला तडा आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही, आणि अशा घरगुती ट्रेलरची नोंदणी होणे कठीण. जुनी व्हॅन कापून तिचेच घर करण्याची कल्पना तर आणखी जोखमीची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, की कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत. म्हणून पैसे गुंतवण्याआधी आरटीओ कार्यालयात कागद दाखवून विचारणे हा पहिला खर्च, आणि तो जवळजवळ फुकटचा.

वजनाचे गणित

समजा, एका कुटुंबाकडे जुनी जिप्सी आहे. तिचे स्वतःचे वजन सुमारे एक टन. मागे जोडायचा कॅम्पर रिकामा असताना सहाशे किलोचा धरू. त्यात शंभर लिटर पाण्याची टाकी भरली की शंभर किलो वाढले. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर म्हणजे तीस किलो. गाद्या, भांडी, शिधा मिळून सत्तर किलो सहज होतात. आता दीडशे-दीडशे किलोच्या दोन मोटारसायकली त्यावर चढवल्या की बेरीज अकराशे किलोवर जाते. मागचे ओझे पुढच्या बैलापेक्षा भारी झाले!

इंजिन हे ओझे सपाटीवर कदाचित ओढेलही. गाडी विकणारे इंजिनाच्या ताकदीविषयी बोलतात, पण घाटात प्रश्न येतो तो थांबण्याचा. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर तो सगळा भार पुढच्या गाडीच्या ब्रेकवर पडतो. उतारावर ब्रेक तापतात, तापले की धरत नाहीत. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे भरलेले वजन ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्यापेक्षा किंवा ७५० किलोपेक्षा जास्त असू नये, असे बंधन आहे. दोहोंतला कमी आकडा धरायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमागचा लष्करी ट्रेलरही ‘पाव टनी’ म्हणूनच ओळखला जाई. रिकामा सुमारे अडीचशे किलोचा, आणि कच्च्या रस्त्यावर त्यात सव्वादोनशे किलोच माल भरायचा. म्हणजे भरलेला ट्रेलर जीपच्या निम्म्याहूनही कमी वजनाचा. लष्कराला पेट्रोलची आणि जवानांची कमतरता नव्हती, तरीही हा संयम होता.

माल कुठे ठेवायचा, हे ज्यांनी लहानपणी बैलगाडी भरताना पाहिली आहे, त्यांना सांगायला नको. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. फार पुढे आले तर बैलांच्या मानेवर पडते. ट्रेलरचेही तेच. एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या जोड-गोळ्यावर यायला हवा. म्हणून पाणी आणि जड सामान आसाच्या किंचित पुढे ठेवावे. हौसेने मोटारसायकली कॅम्परच्या पाठीमागे टांगल्या की हा तोल बिघडतो. मग चेन्नई-बेंगळुरू महामार्गावर ताशी ऐंशीच्या वेगात शेजारून एखादी बस गेली, की ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागतो. अशा वेळी घाबरून जोरात ब्रेक मारणे किंवा चक्र गरागरा फिरवणे, दोन्ही घातक. पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, चक्र सरळ धरावे आणि गाडी आपोआप मंदावू द्यावी.

मुलांचा एक हट्ट मात्र कुणीही पुरवू नये. चालत्या कॅम्परमध्ये बसून खिडकीतून हात हलवायची त्यांना फार हौस असते. ट्रेलर सुटला किंवा कलंडला, तर आत पट्टा नाही, आसन नाही आणि ब्रेकही नाही. गाडी चालू असताना कॅम्परमध्ये कुणीही असता कामा नये. आजी-आजोबांना ‘पाठ टेकायला’ म्हणूनसुद्धा नाही.

त्याहून मोठा धोका गाडी उभी असताना असतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकराजवळ रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोन पुरुष मृतावस्थेत सापडले. वातानुकूलन चालवण्यासाठी जनरेटर सुरू होता आणि त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपण्याच्या जागेत शिरला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस जागाच होत नाही. चेन्नईच्या उकाड्यात ‘रात्रभर एसी चालू ठेवू’ हा मोह कुणालाही पडेल. परंतु झोपण्याच्या खोलीत, खोलीखाली किंवा खिडकीलगत जनरेटर कधीही चालवू नये. शेगडी बाहेर उघड्यावर पेटवावी, रात्री दोन समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवून जाळ्या लावाव्यात. या वायूची सूचना देणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. काटकसर इतर ठिकाणी करावी, इथे नको.

मग बेत सोडून द्यायचा का? मुळीच नाही. तो फक्त उलटा मांडायचा. घरामागे जीप नेण्याऐवजी जीपलाच घर करायचे. २०२० साली आलेली नवी थार नाशिकला तयार होते आणि तिची आखणी चेन्नईजवळ चेंगलपट्टूच्या संशोधन केंद्रात झाली, म्हणजे दोन्ही प्रांतांचे तिच्याशी नाते आहे. पण नवी गाडी घेतलीच पाहिजे असे नाही. सुस्थितीतली कुठलीही जुनी चारचाकी घ्यावी. चार जणांचा चांगला तंबू, घडीच्या खाटा, दोन पाण्याचे कॅन आणि एक शेगडी एवढे सामान तिच्यात मावते. ट्रेलर नाही, वेगळी नोंदणी नाही. पेट्रोलचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. चेन्नईहून येलगिरी सुमारे २३० किलोमीटर, जाऊन-येऊन ४६०. लिटरला बारा किलोमीटर जाणाऱ्या गाडीला ३८ लिटर लागतील. ट्रेलरमुळे तीच गाडी आठवर आली, तर साडेसत्तावन्न लिटर. येलगिरीच्या घाटात चौदा हेअरपिन वळणे आहेत, त्यांतल्या काहींना तमिळ कवींची नावे दिली आहेत. ती पाट्या वाचत, रमतगमत चढावीत. मागे ट्रेलर असला तर कवी सोडाच, वळणाचा आतला कठडासुद्धा नजरेत राहत नाही, कारण ट्रेलरची चाके नेहमी गाडीच्या चाकांपेक्षा आतून वळतात. कोल्लीच्या घाटात तर अशी सत्तर वळणे आहेत.

मोटारसायकल हवीच असेल, तर रेल्वेने पाठवता येते. टाकीतले पेट्रोल काढून, नीट गुंडाळून, कागदपत्रे दाखवून ती पार्सलने किंवा तिकिटासोबत सामान म्हणून जाते. चेन्नईहून सोलापूर-पुण्याकडे सुट्टीसाठी येणाऱ्यांना हे विशेष सोयीचे. मात्र छोट्या स्थानकावर गाडी दोन मिनिटे थांबत असेल तर तिथे पार्सल उतरत नाही, हे आधी विचारून घ्यावे. आणि दोन दिवसांच्या कच्च्या वाटेच्या हौसेसाठी जीप घरून ओढत नेण्यापेक्षा तिथलीच भाड्याने करावी. तमिळनाडूच्या टोकाला कोळुक्कुमलैच्या चहामळ्यात जायचे तर केरळातल्या सूर्यनेल्लीहून स्थानिक जीपच करावी लागते. ते चालक रोज तोच दगड-धोंड्यांचा रस्ता तुडवतात. त्यांच्या शेजारी बसणे हेच एक शिक्षण आहे.

कच्ची वाट म्हणजे मोकळे रान नव्हे. राखीव जंगलात परवानगीशिवाय गाडी घालणे गुन्हा आहे. निलगिरी आणि कोडैकनालसाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मे २०२४ मध्ये ई-पास सुरू झाला, तेव्हा निघण्याआधी त्याची चौकशी करावी. समुद्रकाठच्या वाळूवर तर गाडी नेऊच नये. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत चेन्नईच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. नीलांकरै ते बेझंट नगर असा किनारा रात्री पायी तुडवत ती घरटी वाचवण्याचे काम विद्यार्थी स्वयंसेवक १९८८ पासून करीत आले आहेत. एका चाकाने त्या रात्रीच्या श्रमांचा चुरा होतो.

एवढे सगळे वाचूनही ज्यांना हलका, नोंदणीकृत ट्रेलर घ्यायचाच आहे, त्यांनी पहिल्याच दिवशी घाट गाठू नये. रविवारी पहाटे मोकळ्या मैदानावर मागे घेण्याचा सराव करावा. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर चक्र सुरुवातीला उजवीकडे फिरवावे लागते. हे नवरा-बायको दोघांनीही शिकावे; एकाला ताप आला तर दुसऱ्याला गाडी घरी आणता आली पाहिजे. मग महाबलीपुरमपर्यंत जाऊन यावे. पहिल्या दहा किलोमीटरवर थांबून ट्रेलरच्या चाकांच्या मधल्या भागाजवळ तळहात नेऊन पाहावा. चटका बसण्याइतकी ऊब लागली, तर बेअरिंग फार आवळले आहे किंवा ब्रेक घासतो आहे. जोडणीच्या दोन्ही सुरक्षा-साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधलेल्या आहेत ना, तेही तेव्हाच पाहून घ्यावे. घरी आल्यावर खाऱ्या वाऱ्याचा थर गोड्या पाण्याने धुऊन काढावा. आणि ट्रेलर वर्षातले उरलेले अकरा महिने उभा कुठे राहणार, हे इमारतीच्या असोसिएशनला तो विकत घेण्यापूर्वी विचारावे, कारण बहुतेक फ्लॅटवाल्यांच्या वाट्याला गाडीची एकच जागा येते.