केर कुठे जातो?

लहानपणी आमच्या घरचा केर म्हणजे अंगणातला पाचोळा, नारळाची सोडणं, चुलीतली राख आणि माशांचे खवले. सोडणं चुलीत जायची, बाकी सगळं माडाच्या आळ्यात. गावाबाहेर न्यावं असं त्यात काही नसायचंच.

परवा आमच्या पंचायतीच्या कचरा शेडवर तासभर थांबलो. तिथल्या बाई कर्नाटकातल्या. (आमच्या गावातलं कोणी त्या कामाला जात नाही, हे आपलं आपल्यातच सांगून टाकतो.) त्यांनी एक पिशवी फोडली. आत आदल्या दिवशीचं हुमण, त्यात भिजलेला पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या आणि वर लहान मुलाचा डायपर! भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला हात लावत नाही. ज्या प्लास्टिकचं काहीच होत नाही ते दाबून, गासड्या बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जाळायला पाठवतात. ते ओलं असेल तर आपण ट्रकचं भाडं पाण्यासाठी भरतो, आणि वर ते नीट जळतही नाही.

आणि आपण वाद कसला घालतो? तर प्रकल्प कुठे व्हावा याचा. साळगावला २०१६ मध्ये झाला, काकोड्याला २०२२ मध्ये. बायंगिणीला तर वर्षानुवर्षं विरोध झाला. विरोध करणाऱ्यांना मी हसणार नाही. मडगावजवळच्या सोनसोड्याला मे २०१९ मध्ये लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. तो धूर ज्यांनी श्वासात घेतला त्यांना शहाणपण कोणी शिकवावं?

पण दुर्गंधी येते ती ओल्याची. ओलं गावातच जिरलं तर तालुक्याच्या केंद्रात उरतं काय? बाटल्या, पुठ्ठा, पत्रा, प्लास्टिक. वजन करा, निवडा, दाबा, गाडीत भरा. पणजीत सुका कचरा सोळा प्रकारांत वेगळा करतात. अशी शेड गोदामासारखी असते, तिला कोण कशाला अडवील?

फ्लॅटवाल्यांकडे भाट नाही, हे मान्य. त्यांचा आणि हॉटेलांचा ओला कचरा साळगावसारख्या प्रकल्पात जाऊ दे, तिथे त्याचा गॅस होतो, वीज होते. मात्र ज्यांच्या दारात दहा माड आहेत त्यांनी बांगड्यांची डोकी पिशवीत बांधून पंचायतीच्या गाडीत का टाकावीत?

हे विचारायचा मला तरी काय अधिकार, म्हणा. चार वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आधी आम्ही अंगणात पेव्हर घातले, पाहुण्यांच्या पायाला चिखल लागू नये म्हणून. थेट माडाच्या बुंध्यापर्यंत. आळी बुजली, आणि त्या दिवसापासून आमचीही पिशवी गाडीत जाऊ लागली. आता दोन माडांभोवतीचे पेव्हर काढायला माणूस सांगितलाय. रविवारी येतो म्हणालाय.