उधळणीला किती गुण?

आमच्या आंतरशालेय प्रवासलेख स्पर्धेत यंदा विषय होता अभयारण्याचा. गुण कशाला द्यायचे, यावरून परीक्षकांत जुंपली. बहुतेकांचा कौल ‘निसर्गाची मुक्त उधळण’ करणाऱ्या भाषेला! मी म्हणालो, भीमगडावरच्या लेखात खानापूरहून वाट कोणती, वनखात्याची परवानगी कशी, पावसाळ्यात काय हाल होतात, हे नसेल तर त्याला पस्तीससुद्धा देऊ नका. अशीच उधळण वाचून निघालेली पोरे जांबोटीच्या रस्त्यावर अंधारात अडकलेली मी पाहिली आहेत. कानडी पाटीवरचे नाव मराठी वाचकाला उलगडून सांगितले, तर पाच गुण जास्त. मात्र बारापेडे गुहांची वाट दाखवणाऱ्याला शून्य! तिथे रॉटनचे दुर्मीळ वटवाघूळ राहते; २०११ साली अभयारण्य झाले, ते आपल्या सहलींसाठी नव्हे. भाषेला मी दहा गुण ठेवले. सहकाऱ्यांनी वीस मागितले. दिले नाहीत.